नकाशाखालची लाल सही

“मूळचे कुठचे?” साहेबानं विचारलं.

“हिंगणघाटचा.”

“ते झालं. मूळचे?”

गल्लीतली सगळी दारं उघडी होती. मी नगरपालिकेच्या उर्दू शाळेत तीस वर्षं मास्तर होतो. माझे आजोबा इथल्याच कापसाच्या जिनात सरकीची पोती वाहून मेले. हे सांगता आलं असतं. मी खाली पाहिलं.

दूरच्या एका शहरात स्फोट झाला होता. त्या तपासात रफीकच्या घराची झडती चालली होती. रफीक माझा जुना विद्यार्थी, मोटार वाइंडिंगचं काम करायचा. त्याला सकाळीच उचललं होतं. पंच म्हणून उर्दू वाचणारा हवा होता, म्हणून मला बोलावलं. “तुम्ही त्यातले चांगले,” साहेब म्हणाला. मला ते ऐकून बरं वाटलं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

पेटीतून जुनी वही निघाली. आत हातानं काढलेला नकाशा. रेल्वे स्टेशन, वेणा नदीचा पूल, जिन, पोलीस ठाणं. नावं उर्दूत. कोपऱ्यात लाल शाईनं ‘शाबाश’, खाली माझी सही. तिसरीचा भूगोल, ‘आपलं गाव’.

रफीकची आई हळूच म्हणाली, “मास्तर, हा तं तुमीच काढाले लावला होता. सांगा नं त्याईले.”

साहेबानं पंचनाम्याचा कागद पुढे केला. ‘महत्त्वाच्या ठिकाणांचा उर्दू भाषेतील संशयास्पद नकाशा.’ बोललो असतो तर पुढची पेटी माझी उघडली असती. सही केली.

रफीक पाच वर्षं खटल्याविनाच आत राहिला. मी त्याच संध्याकाळी दारावरची उर्दू पाटी काढली. नातीला अलिफ-बे शिकवलं नाही. रफीकची आई गेली तेव्हा मय्यतीला गेलो, पण खांदा द्यायला पुढे झालो नाही. तेव्हापासून ती येते. नमाजाआधी वजू करताना, भाजी निवडताना. ओरडत नाही. एवढंच म्हणते, “सांगा नं.”

परवा त्याच्या खटल्यात साक्षीचं समन्स आलं. मागोमाग एक हवालदार. चहा घेतला, तब्येत विचारली. “लिवलं तेवढंच बोलजा, चाचा. या वयात काऊन डोक्याले ताप?”

मी मान डोलावली नाही.

कोर्टात सांगणार आहे. नकाशा मीच काढायला लावला. त्याखालची लाल सही माझी. पंचनाम्यावरची निळीही माझीच, पण ती भिऊन केलेली, खोटी. त्या वर्षी वर्गातल्या प्रत्येक पोरानं तोच नकाशा काढला होता. झडती घ्यायची तर आधी माझ्या घराची घ्या.

आणि नावापुढे लिहा, मूळचा हिंगणघाटचा.