बाळासाठी धरलेला उपास

बाळ आमच्याकडेच राहिलं असतं, आम्ही जरा कमी देवभक्त असतो तर. हे वाक्य मी मंडळीत, म्हणजे आमच्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत, कधी बोलले नाही. तिथे अशी वाक्यं चालत नाहीत. तिथे साक्ष द्यायची असते, आणि साक्षीचा शेवट गोड असावा लागतो.

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही इथे नागोयाजवळ राहायला आलो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. माझ्या माहेरी, नगरला, सगळे म्हणत होते, त्या हलत्या जमिनीवर लेकरं घेऊन कशाला जाता? सासरी म्हणत होते, देव नेतोय तर जा. सासरी सगळं देवच करतो, कंपनीच्या एचआरला कुणी श्रेय देत नाही. मोठी मुलगी तेव्हा शाळेच्या वयाची झालेली, धाकटी कडेवर. जपानी शाळेत घालायचं तर भाषेची बोंब, आणि इंटरनॅशनल शाळेची फी ऐकून नवऱ्याच्या घशाला कोरड पडली. मग मी घरीच शिकवायचं ठरलं. पहिल्या वर्षी ती अडचण होती, दुसऱ्या वर्षी तिचं देवाचं पाचारण झालं. परदेशी मुलांना इथे शाळेची सक्ती नसते, त्यामुळे कुणी अडवलंही नाही. शिकवत मी होते, पण ‘आम्ही मुलींना देवाच्या भयात वाढवतो’ अशी साक्ष नवरा द्यायचा.

ही मंडळी शनिवारी लॅपटॉपवर भरायची. योकोहामाची दोन घरं, टोकियोत तोयोसुच्या उंच इमारतींतली चार-पाच आयटीवाली, नागोयाचे आम्ही, आणि पडद्याच्या मधल्या चौकोनात पुण्याचे पाळकसाहेब. रविवारी आम्ही जवळच्या छोट्या जपानी चर्चमध्ये जायचो. मुली जपानी शिकल्या त्या तिथल्याच मुलांत खेळून. तिथल्या एका आजींनी आयुष्यभर परक्यांची मुलं सांभाळली होती. त्यांनी आम्हाला बालकेंद्राच्या, म्हणजे आईबापांविना मुलं घरोघरी सांभाळायला देणाऱ्या कचेरीच्या, सरकारी प्रशिक्षणाला नेलं. केंद्रातल्या बाई घर बघायला आल्या तेव्हा त्यांचा एकच प्रश्न परत परत यायचा. मुली दिवसभर घरीच असतात का? आम्ही हो म्हणायचो, त्या हसून मान हलवायच्या. इथे हसून मान हलवली म्हणजे प्रश्न मिटला असं होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

शिशुगृहात जागा नव्हती आणि एका अगदी तरुण आईचा निर्णय व्हायचा होता, म्हणून बाळ आमच्याकडे आलं. जन्मून आठवडाही झाला नव्हता. मुलगा. दत्तक नव्हे, काही महिने सांभाळायला. त्याचं नाव त्याच्या आईनं ठेवलं होतं, ते बदलायचं नव्हतं, फोटो कुठे टाकायचे नव्हते. बाईंनी हे सगळं समजावलं, वाकून नमस्कार केला आणि बाळ माझ्या हातात दिलं. त्याची टाळू लपलप करत होती. मला वाटलं होतं की धाकटीनंतर माझ्यातली ती आई आटली. कसली आटते!

पुढचे महिने मी जपानमध्ये काढलेले सगळ्यात सुखाचे होते. हे सरळ लिहून टाकते, कारण पुढे लिहायला सुख नाही. खोबरेल तेलानं मी त्याचे पाय चोळायचे, आंघोळ घालून दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, की वरून नुसतं नाक दिसायचं. घरातली शाळा सगळी त्याच्याभोवती फिरू लागली. गणित म्हणजे बाळाचं वजन. मोठी त्याचा आलेख काढून भिंतीवर चिकटवायची. बाटल्या का उकळायच्या हे झालं विज्ञान. मराठीचा धडा त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि ते ऐकता ऐकता झोपलं की धाकटीला वाटायचं आपण नापास झालो. दाराशी भूकंपासाठी भरून ठेवलेली पिशवी असते ना, त्यात मोठीनं स्वतःच्या खाऊची पाकिटं काढून दुधाचा डबा आणि लोकरीची टोपी कोंबली. मी सांगितलं नव्हतं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, बाळ तिचा आवाज ऐकला की रडता रडता थांबायचं, आणि ती ते दिवसातून दहादा करून दाखवायची.

सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बाळ बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. “दोन मुलींवर देवानं नातू दिला गं!”

“दिला नाहीये आई, सांभाळायला ठेवलाय.”

“देव ठेवतो तो काय परत न्यायला?”

त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या आठवड्यात मंडळीतल्या बायका मला अभिनंदनाचे मेसेज पाठवत होत्या. एकीनं मात्र विचारलं, कुणाचं कसलं असेल, जपून हं. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मग हिवाळ्याच्या तोंडावर बाईंचा फोन आला. बाळाची आई त्याला परत नेणार नव्हती. त्याच्यासाठी कायमचं घर बघायचं होतं आणि आमची इच्छा असेल तर आमच्याही घराचा विचार होणार होता. त्यांचे वरिष्ठ एकदा घर बघून जातील, म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. आनंदानं. नवऱ्याला ऑफिसात फोन केला तर त्यांनी मला ते तीनदा सांगायला लावलं. त्या एका दुपारी आम्हा दोघांना एकच गोष्ट हवी होती, असं पूर्वी फार वेळा झालं नव्हतं.

शनिवारी त्यांनी मंडळीत प्रार्थनेची विनंती मांडली. पाळकसाहेब म्हणाले, बाळासाठी साखळी उपास धरू या. साखळी उपास म्हणजे एकेका घरानं एकेक दिवस वाटून घ्यायचा, एकाचा सुटला की दुसऱ्याचा सुरू, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. पाळकसाहेब पुण्यात बसून वार वाटत होते, समोर चहाचा कप होता. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं! मंगळवार आमच्या वाट्याला आला. सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायचं ते मंगळवारी संध्याकाळी प्रार्थना करून उपास सोडायचा.

आमच्यात लेकरं उपास धरत नाहीत. फार तर एखादा खाऊ सोडतात. पण मोठी म्हणाली, मीही धरणार. बाळ माझं पण आहे. ती म्हणाली म्हणून धाकटीही म्हणाली. सोमवारी रात्री दोघी दूध पिऊन झोपल्या. सकाळी मी उपमा केला आणि दोघींपुढे बशा ठेवल्या. मोठीनं बशी मागे सरकवली.

मी नवऱ्याला म्हणाले, “लेकरांनी कशाला? त्यांना खाऊ दे ना.”

“तिला आतून वाटतंय, अडवू नको. लेकरांची प्रार्थना वर लवकर पोचते.” ते मोठीच्या डोक्यावर हात ठेवून ऑफिसला गेले. त्यांनी दिवसभर कँटीनमध्ये नुसतं पाणी पिऊन काम केलं, हे मी नाकारत नाही. स्वतः न करता दुसऱ्याला सांगणाऱ्यांतले ते नाहीत. तसे असते तर भांडायला सोपं गेलं असतं.

अकराच्या सुमाराला बाईंचा फोन आला. आम्ही या बाजूला आलोय, वरिष्ठही बरोबर आहेत, दुपारच्या जेवणानंतर थोडा वेळ आलो तर चालेल का? मला वाटलं, बघा, उपास फळाला आला. मी घर झाडलं, बाळाला नवं झबलं घातलं, बाटल्या ओळीनं मांडल्या.

ते दीड वाजता आले. वरिष्ठ म्हणजे पन्नाशीचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी भिंतीवरचा वजनाचा आलेख जवळ जाऊन बघितला आणि मोठीचं कौतुक केलं. बाळाला घेतलं, तर ते त्यांचा टाय धरून हसलं. सगळं इतकं छान चाललं होतं. धाकटी तेवढी सोफ्यावर आडवी पडून होती, डोकं दुखतंय म्हणून. त्यांनी तिच्यापुढे गुडघे टेकले आणि इथे कुणीही लहान मुलाला विचारतं तसं विचारलं, “आज दुपारी काय जेवलीस?”

धाकटी म्हणाली, “काही नाही.”

“सकाळी?”

“काही नाही.”

मोठीला ते अपुरं वाटलं. आम्ही तिला शिकवलं होतं, विचारलं की पूर्ण आणि खरं सांगायचं. तिनं ताठ उभं राहून, छान जपानीत, पूर्ण आणि खरं सांगितलं. आम्ही काल रात्रीपासून जेवलो नाही. आम्ही जेवलो नाही तर देव बाळ आम्हाला देईल.

मी स्वयंपाकघरातून उपम्याचं पातेलं आणून दाखवलं. हो, खरंच पातेलं आणून दाखवलं. म्हणाले, मी केला होता, त्यांनी आपल्या मनानं खाल्लं नाही, आमच्यात बाळांना आणि आजाऱ्यांना माफ असतं, बाळाचं दूध एकदाही चुकलेलं नाही. माझं जपानी दुकानातलं आणि स्टेशनवरचं. त्यात श्रद्धा कुठून बसवणार? दोघांनी हसून मान हलवली. जाताना बाईंनी धाकटीला म्हटलं, काहीतरी खा हं. त्यांचे डोळे भरलेले होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाळ राहावं म्हणून धरलेल्या उपासानंच बाळ गेलं.

आठवडाभरानं आम्हाला केंद्रात बोलावलं. नवरा खूप बोलले. श्रद्धेबद्दल, स्वेच्छेबद्दल, आमच्या देशातल्या उपासांबद्दल. वरिष्ठांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, तुमचा धर्म हा तुमचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण शाळेतल्या मुलाचं ताट रोज दुपारी कुणीतरी बघतं. शाळेचं जेवण मुलानं खाल्लं नाही तर शिक्षक विचारतात, का नाही खाल्लंस? तुमच्या मुलींचं ताट तुमच्याशिवाय कुणी बघत नाही. उद्या बाळ मोठं झालं की त्याचं ताट कोण बघेल?

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आलाही, अजून येतो, कारण माझ्या मुली कधी उपाशी नव्हत्या, त्या एका दिवसाखेरीज. त्याच एका दिवसावरून त्यानं माझं घर तोललं. पण तो चुकीचं काय बोलला ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

बाळाला दुसरं घर मिळालं. मूल नसलेलं जपानी जोडपं, एवढंच कळलं. न्यायला बाईच आल्या. मोठीनं टोपी दिली, आलेख दिला. आलेख त्यांनी घेतला, घडी न घालता. बाळ गाडीत बसेपर्यंत हसत होतं, पट्टा लावल्यावर रडायला लागलं. मोठी गाडीच्या काचेशी तोंड नेऊन त्याच्याशी बोलत राहिली. या वेळी ते थांबलं नाही. बाईंनी वाकून मला म्हटलं, “ओत्सुकारेसामा देशिता.” इथे ऑफिस सुटताना एकमेकांना म्हणतात ते. खूप श्रम केलेत, संपलं आता. पार्ट-टाइमच्या बाईची पाळी संपल्यावरही हेच म्हणतात.

शनिवारी पाळकसाहेब म्हणाले, देवाची योजना आपल्याला कळत नाही. सगळ्या चौकोनांतून आमेन आले, एकीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. नवऱ्यानंही डोळे मिटून आमेन म्हटलं. देवानं नेलं म्हणे. पांढऱ्या गाडीनं नेलं, मी बघत होते. पण बोलायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी कॅमेरा बंद केला आणि कणीक मळायला गेले.

एप्रिलमध्ये आम्ही दोन्ही मुलींना जवळच्या सरकारी शाळेत घातलं. नवऱ्यानंच फॉर्म आणले. इतकी वर्षं जे पाचारण होतं ते एका सकाळी मिटलं. हे आधी केलं असतं तर, असं मी म्हणाले नाही. त्यांना ते ऐकू आलं असणार. मोठी आता घरातही जपानीच बोलते, रागावली तर हमखास.

उन्हाळ्यात तोयोसुच्या कुणाचा तरी व्हिसा अडकला. जेवायला बसताना नवरा म्हणाले, त्यांच्यासाठी साखळी उपास ठरलाय, मंगळवार आपला. मग घाईनं म्हणाले, म्हणजे मोठ्यांनी फक्त, तुम्ही दोघींनी जेवायचं.

मोठीनं चमचा खाली ठेवला.

“पप्पा, त्या दिवशी मी जेवले असते, तर बाळ इथे असतं ना?”

“नाही गं बाळा,” ते म्हणाले. त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, ती हलली नाही. “असं मनात आणायचं नाही. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. तू जेवली असतीस, नसतीस, काही फरक पडला नसता. ती देवाची इच्छाच होती.”

ती जपानीत म्हणाली, “मग मला उपाशी का ठेवलं?”

प्रत्येक गोष्टीला ज्यांच्याकडे बायबलचं एक वचन असतं त्या माझ्या नवऱ्यानं तिचं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, “जेव, गार होतंय.”