बरा झालेला माणूस

आमच्या उदगीरच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपदेशाआधी साक्षी होतात. आठवडाभरात देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सांगायचं. कुणाला लातूरच्या स्टँडवर खिडकीची जागा मिळते, कुणाचं हरवलेलं आधार कार्ड गादीखाली सापडतं, आणि सगळे मिळून "हालेलुया" म्हणतात. मी यात तरबेज होते. दूध उतू गेलं तरी त्यातून मला काहीतरी शिकवण मिळायची. आता माझंच मला हसू येतं, पण तेव्हा ते खरं वाटायचं.

मग नवऱ्याचं लिव्हर बिघडलं. हे धान्याच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होते. लातूरच्या दवाखान्यात नेलं. मंडळीनं उपास केले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्या. हे थोडे सावरले, घरी आले, आणि मंडळी चालवणाऱ्या पाळकांनी पुढच्याच रविवारी त्यांना खांद्याला धरून उभं केलं. "प्रभूनं मला बरं केलं," हे म्हणाले. आवाज फुटत नव्हता. कुणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं. महिनाभरात हे गेले.

मातीला सगळे आले. पाळक म्हणाले, देवाची योजना आपल्याला कळत नाही. बायका म्हणाल्या, आता तिथं त्यांना दुखणं नाही. मला धड रडूसुद्धा दिलं नाही कुणी. अडतीचे मालक, लिंगायत आप्पा, सगळ्यात शेवटी जवळ आले. "माणूस लई चांगला व्हता. वाईट झालं बगा," एवढंच म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसत उभे राहिले. वाईट झालं, हे त्या दिवशी त्यांच्या एकट्याच्याच तोंडून निघालं.

त्यानंतरही मी रविवारी जात राहिले, पण साक्षीच्या वेळी मान खाली घालून बसायची. भाकरी थापताना एकच गोष्ट डोक्यात यायची. धरून नेण्याआधी बागेत येशूनंही हे मरण टळू दे म्हणून मागितलं होतं, आणि त्यालाही ते मिळालं नाही. लहानपणापासून मी हे वाचत आले, पण मनाला कधी लागलं नव्हतं. आता तो मला माझ्या घरातला वाटायला लागला.

हिवाळ्यात नांदेडला उज्जीवन सभा, म्हणजे गावोगावच्या मंडळ्यांची मोठी प्रार्थनासभा होती. मंडळीनं गाडी केली, नायगाववरून आम्ही गेलो. मांडवात मी बायकांच्या बाजूला बसले होते. बाहेरगावचे प्रचारक बोलता बोलता म्हणाले, "उदगीरचा एक भाऊ! डॉक्टरांनी हात टेकले होते. आज तो भाऊ कामावर जातोय!" आणि मागच्या पडद्यावर ह्यांचा चेहरा आला. पिवळा पडलेला, ओठ सुकलेले. अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी आमच्याच मंडळीतल्या बायका होत्या. मातीला ज्यांनी मला धरलं होतं, त्यांनीही वाजवल्या.

थोड्या वेळानं साक्षीसाठी पुढं बोलावलं. मी उठले. बिल्ला लावलेल्या स्वयंसेवकानं विचारलं, "ताई, तुमची काय साक्ष हाय?"

"आत्ता पडद्यावर होते ना, त्यांची मी बायको."

तो एकदम खुलला. "मंग या की पुढं! शेवट जरा जोरात करा बरं का."

माइक हातात आला. म्हटलं, "ते बरे झाले नाहीत. वारले. उदगीरला मातीत आहेत, कामावर जात नाहीत. देवावर माझा विश्वास आहे, म्हणूनच सांगते, त्याच्या नावावर खोटं खपवू नका."

माइक बंद झाला आणि घाईघाईनं गाणं सुरू झालं. आमचे पाळक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, दुःखानं तुमचं मन कडू झालंय." मग त्यांनी बायकांना खूण केली. शेजारी बसलेल्या त्याच बायकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले आणि माझ्यातला कडूपणाचा आत्मा निघून जावा म्हणून मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या. मी मान सोडवायला बघितलं, तसे हात आणखी दाबले गेले.

नवरा गेल्यापासून मी देवाकडे काहीच मागितलं नव्हतं. त्या हातांखाली मागितलं. म्हटलं, देवा, यांचं ऐकू नकोस.