वारा पडला तेव्हा

दादा लोणावळ्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. धरणाची वीज आमच्या शेतावरच्या तारांतून मुंबईला जायची आणि आमच्या घरात चिमणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. युद्धात रॉकेलही मिळेना, तेव्हा दादानं मोडक्या मोटारीचा डायनॅमो आणला, सागाची पाती तासली आणि घरामागच्या टेकाडावर उंच खांबावर बसवली. वाऱ्यानं पाती फिरली की पट्ट्यानं डायनॅमो फिरायचा, त्यातली तांब्याची वेटोळी चुंबकांमध्ये गरगरायची आणि वीज तयार व्हायची. ती तारेनं घरातल्या बॅटरीत साठायची. देवापुढे एक बल्ब लागला. गाव बघायला आलं.

पुढच्या वर्षी दादा फौजेत गेला. जाताना मला बजावलं, वारा पडला की बल्ब लावू नका, बॅटरी पार रिकामी झाली तर ती कामातून जाते. आईला नीट समजाव, म्हणाला. मी हो म्हटलं आणि समजावलं नाही. चार बुकं शिकले होते, त्याचाच तोरा. तिला काय कळणार विजेतलं, असं मला वाटलं.

आईनं तो बल्ब अखंड तेवत ठेवला, लेक परत येईपर्यंत नंदादीप ठेवावा तसा. पावसाळाभर घाटातून वारा येत होता, सगळं निभावलं. आश्विन उलटला आणि वारा पडला. खळ्यावर भात उफणायलाही झुळूक मिळेना. बल्ब लालसर होत गेला. मी बटण बंद करायला गेले तर आईनं माझा हात धरला. एका सकाळी दिवा गेला.

मग मी सगळं सांगितलं, वारा, डायनॅमो, बॅटरी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"इतके दिस न्हाई सांगितलंस ते," ती म्हणाली. "आता माजी समजूत घालू नगंस, बाय."

तिनं अन्न टाकलं. दादाचं खुशालीचं पत्र आलं, मी वाचून दाखवलं. ते दिवा जायच्या आधीचं असंल, एवढंच बोलली. पौषात ती गेली. ती माझ्यामुळे गेली, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही कळवलेलं दादाला पोचलंच नव्हतं. आषाढात तो सुट्टीवर आला, नखशिखांत भिजलेला. उंबऱ्याशी ट्रंक टेकवून हसला.

"वाटंवरनंच पाती फिरताना दिसली," म्हणाला. "म्हनलं, आईचा दिवा चालू हाय."