मेतकुटाचा डबा

“उदया, डबा परत आला बघ. दोरा देखील सोडिला नाही.”

“कुठून, वैनी?”

“अंबत्तूराहून. जयंतीबाई ड्रायव्हराकडून धाडिल्या. आत्तां नक्को म्हणून सांगिटल्या म्हणे. अंगावर पाजणारी पोरगी, तिज मेतकूट नक्को? काय झालं रे त्यांस?”

उदयसिंहानं कॉफीच्या टंबलरात तोंड खुपसलं. काय झालं ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

धनलक्ष्मी त्याची थोरली भावजय. तिची लेक रम्या तीन महिन्यांचं बाळ घेऊन नुकतीच अंबत्तूरला सासरी गेली होती; जयंतीबाई तिची सासू. चेन्नईतल्या आमच्या तंजावरी मराठी घरांत बाळंतिणीचं मेतकूट धनलक्ष्मीच्या हातचं, असा रिवाजच पडलेला. कारण तिनं आपल्या सासूला, म्हणजे उदयसिंहाच्या आईला, अंथरुणावर अकरा वर्षं पेजेत मेतकूट कालवून भरवलं. म्हातारी गेली तेव्हा अंगावर एक चट्टा नव्हता.

हीच गोष्ट उदयसिंहानं तमिळ साप्ताहिकात लिहिली. नावं बदलली, गाव बदललं, मेतकूट तेवढं राहू दिलं. तमिळ घरात ते नसतं. आपलं आहे म्हणून मिरवायची खाज. दोन हजार चार साली मालिकावाल्यांनी ती गोष्ट घेतली आणि संवाद लिहायला त्यालाच बसवलं.

चाळीस भाग सून देवमाणूस होती. मग दिग्दर्शक म्हणाला, “चांगली सून रोज साडेसातला कोण बघणार, सार? पेजेत ती पिवळी पूड घालते ना? त्यातच विष.”

उदयसिंह कॉफी निवेस्तोवर भांडला, मग लेखणी उघडली. बरं, लिहिलं ते पाट्या टाकून नाही, जीव ओतून लिहिलं. सून पूड कालवते, सासूच्या ओठाला लावते आणि हसते. ते हसू कुणी मागितलं नव्हतं. ते त्यानं पदरचं घातलं.

तमिळ घरांनी खलनायिका पाहिली. मराठी घरांनी धनलक्ष्मी पाहिली. ती स्वतः मालिकेच्या वेळी रोज देवळात असायची, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

डबा काखोटीला मारून तो अंबत्तूरला गेला. जयंतीबाईंनी त्याला बसायला दिलं, पाणी दिलं, डब्याकडे मात्र बघितलं नाही.

“ती गोष्ट खोटी आहे, जयंतीबाई.”

“टीव्हीतली गोष्ट खोटी, तें लेकरास देखील कळतें, उदयसिंहराव. पण लिव्हिलं कोण? घरचाच दीर. मग आमच्या सासूबाई म्हणतात, कांहीं तरी असेल.”

“कांहीं नाही. मीच खोटं लिव्हिलो.”

“तें तुमच्या वैनीस सांगिटलां?”

उदयसिंहानं पाण्याचा पेला उगाच फिरवला.

“मज काय सांगतां मग? जावा. आधी तिज सांगा.”

डबा तसाच घेऊन तो परतला तेव्हा वैनी सूप घेऊन गहू पाखडत होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं ओकलं. सुपाचा आवाज थांबला.

“ती हसते म्हणून लिव्हिलास?”

“हो.”

“सासूबाई अंथरूण ओलं करीत, तेव्हा मी हसत होतें. त्यांस लाज वाटू नये म्हणून. तूं दारात उभा असायचास, दहा वर्षांचा. तेंच हसू नेलास कीं रे!”

वैनीनं सूप खाली ठेवलं, हात झटकले, डबा त्याच्या हातून ओढून घेतला.

“अंबत्तूरास मी जातें. जयंतीबाईसमोर बसून आधी मीच खातें, मग बघू कोण नक्को म्हणतें. तूं येऊं नक्को.”

“वैनी, मी काम सोडतो.”

“आणि दुसरा कोणी लिव्हील. तो तर मज बघिटला देखील नाही. जा, फोन वाजतो आहे तुझा.”

फोन दिग्दर्शकाच्या माणसाचा होता. नट्या रंग लावून बसल्या होत्या आणि पानं पोहोचली नव्हती. उदयसिंह वडपळनीच्या बसला लटकला. मालिकेच्या ऑफिसात पंख्याखाली बसून त्यानं कागद ओढला, वर भागाचा क्रमांक टाकला, त्याखाली लिहिलं : स्वयंपाकघर, सकाळ. सून एकटी. मग लहानपणी दारातून पाहिलेली वैनी आठवून तिचं पहिलं वाक्य लिहायला घेतलं.