पेंटरच्या वहीतलं दावं

पंचगंगेचं पाणी चढलं, की ती घटना अजून डोळ्यांपुढे उभी राहते. नदीकाठच्या गावांतली माणसं बोटीनं आणून एका शाळेत ठेवली होती, आणि बंदोबस्त आमच्या ठाण्याकडे होता. न सांगता पेठापेठांतून भाकऱ्यांची गाठोडी येत होती. तशी माणुसकी बघायला मिळाली, हे नोकरीतलं भाग्यच.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला, की छावणीत एक जण बायाबापड्यांची चित्रं काढत बसलाय. मी त्याला आणवलं. शिवाजी पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवणारा साठीचा पेंटर निघाला. लोकांचे संसार बुडालेत आणि याला चित्रं सुचतात, याचा मला संताप आला. आवाज चढवून जाब विचारला, तर शांतपणे म्हणाला, "सायब, फोटोवाला फोटो काढतोय आन् जातोय. चित्र काढायचं तर माणसाफुडं बसायला लागतंय की."

मला ते उलट उत्तर वाटलं. त्याची चित्रांची वही काढून घेऊन ठाण्याच्या कपाटात टाकली आणि त्याला हाकललं. जप्तीची साधी नोंदसुद्धा केली नाही. चूक माझीच.

तिसऱ्या दिवशी पेठ वडगावला दिलेली एक लेक वडिलांना शोधत आली. छावणीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. हवालदारानं बेपत्ताची खबर लिहून घेतली: रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात सदरा-धोतर. या वर्णनात निम्मा जिल्हा बसला असता. बोटवाल्यांना विचारलं, पण कुणालाच आठवेना. म्हातारा वाहून गेला असणार, असं आम्ही मनात धरूनच चाललो होतो. तिला ते सांगायचं कुणी, एवढंच ठरत नव्हतं.

तेव्हा मला ती वही आठवली. कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवली. सात-आठ पानं उलटली आणि तिचं बोट थांबलं. नुकताच बोटीतून उतरलेला म्हातारा, हातात जनावर बांधायचं दावं, आणि दाव्याला जनावर नाही.

"आबाच हाईत," ती म्हणाली. "दावं हातात हाय, म्हंजी म्हस सोडलीया. ती पवून गायरानावरच जाणार. आबा तिच्या मागंच गेलं असणार."

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. गायरान शाळेपासून चार मैलांवर, उंचावर. जीप रुतली तिथून आम्ही तिच्यासह चिखल तुडवत गेलो. बाभळीखाली म्हशीला टेकून आबा बसले होते. दोन दिवस दुधावर काढले होते. लेकीला बघून त्यांनी पहिलं विचारलं, "तुझ्या घरात पाणी न्हाय न्हवं आलं?"

तिथं ती रडली. माझेही डोळे भरले, सांगायला लाज कसली?

संध्याकाळी छावणीत सगळ्यांदेखत पेंटरची माफी मागितली. खाकीला ती सवय नसते, जीभ अडखळली. त्यानं वही घेतली आणि म्हातारा जेवला का, एवढंच विचारलं.

पुढे निवृत्त होईपर्यंत बेपत्ताची खबर घेताना रंग आणि उंचीच्या आधी मी विचारायचो, "शेवटचे दिसले तेव्हा त्यांच्या हातात काय होतं?" समोरचा ती वस्तू आठवायचा. मग आपलं माणूस कसं आहे, ते सांगायला लागायचा.