उसन्या कोटातली मुलाखत

समजा, तुम्हाला गाड्या विकायची नोकरी हवी आहे. नोकरी राहू द्या, तिची नुसती मुलाखत हवी आहे. काय कराल? अर्ज कराल. मिस्त्रीनेही केले. चांगले चौदा.

वीस वर्षं गाड्यांखाली उताणं पडून काढल्यावर त्याच्या कमरेने संप पुकारला होता. डॉक्टर म्हणाले, वाकणं बंद. गाड्यांशिवाय दुसरं काही येत नव्हतं, तेव्हा उभ्याने करायचं एकच काम उरलं: विक्री. शोरूमच्या काउंटरवरची मुलगी दर वेळी गोड हसून म्हणायची, "कळवू हं काका." तिच्या त्या कळवण्याला चार महिने होत आले होते.

"अर्जवाल्याला तिथे पाणी तरी विचारतात का?" बायको म्हणाली. "गिऱ्हाईक होऊन जा. दादाचा कोट आणते."

मेव्हण्याचा कोट खांद्यांवर सैल, पोटावर घट्ट. पण गुण मोठा. शोरूमचं दार कोणीतरी धावत येऊन उघडलं. काकांचे 'सर' झाले. कॉफी आली. चौदा अर्ज वाचायला ज्याला सवड झाली नव्हती, तो मॅनेजर जातीने हात मिळवायला आला.

शेजारी एक आजोबा सेल्समनला विचारत होते, "हिची व्हीलचेअर डिकीत मावेल ना?"

"आजोबा, अख्खं घर मावेल!"

"कसलं मावतंय!" मिस्त्रीला राहवेना. "आत गॅसची टाकी आहे, अर्धी डिकी तिनेच खाल्लीय. घडी घालूनही बसायची नाही. ती कोपऱ्यातली पेट्रोलवाली बघा. दार रुंद उघडतं, आजींनाही सोपं."

आजोबा कोपऱ्याकडे निघाले. सेल्समनचं हसू जागीच वाळलं.

"सर, आपण कोणती घेताय?" मॅनेजरने विचारलं.

"गाडी नको. मुलाखत हवी."

मॅनेजरने आधी कोट पाहिला, मग रिकामा कप. दिलेली कॉफी परत घ्यायची सोय नव्हती. तेवढ्यात आजोबांनी कोपऱ्यातल्या गाडीची चावी मागितली.

"उद्या अकराला या," मॅनेजर नाइलाजाने म्हणाला. "पण ती टाकीवाली तीन महिने इथेच उभी आहे. ती कशी विकाल, ते ठरवून या."

घरी बायकोचा आनंद घरात मावेना. मिस्त्री मात्र भिंतीला पाठ टेकून डोकं खाजवत बसला.

"आता काय झालं?"

"अगं, टाकीचं गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, की सही झाल्यावर?"