एकाच आजाराचे दोन रिपोर्ट

वॉर्डात माझी मीरा आणि सरिताताईंची जुई शेजारीशेजारी होत्या. दोघींनाही रक्ताचा कॅन्सर. आजार एकच, असं आम्ही दोघी समजत होतो. मग जनुकांची तपासणी झाली. जुईचा प्रकार औषधांना सहज दाद न देणारा निघाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "मीराचा प्रकार बहुतेक वेळा बरा होतो."

डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा फरकाने दोन मुलींच्या वाटा वेगळ्या होत होत्या, आणि त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

बाहेर सरिताताई उभ्या होत्या. "काय आला रिपोर्ट?"

"अजून नाही आला," मी म्हणाले.

त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "चांगला आलाय ना? सांगा की. एकीचं तरी चांगलं ऐकू दे मला."